पहिला घाव

नोकरीची तीस वर्षं मी झाडांत काढली असं सांगितलं की समोरच्याला वाटतं, हा माळी असणार. मग तो घरच्या जास्वंदीच्या कळ्या का गळतात ते विचारतो. मला जास्वंदीतलं काही कळत नाही. मी झाडं तोडून घेणारा मुकादम होतो. रस्ते बांधणाऱ्या एका सरकारी कचेरीत माझी नेमणूक होती. कोल्हापूरच्या आसपास कुठला रस्ता रुंद व्हायचा असला की त्याच्या कडेची झाडं मोजायची, त्यांच्यावर नंबर टाकायचे आणि ती आडवी होईपर्यंत तिथं उभं राहायचं, हे माझं काम. या अंकाच्या संपादकांनी 'झाडं आणि माणसं' यावर लिहा म्हणून गळ घातली तेव्हा मी त्यांना हे स्वच्छ सांगितलं. ते म्हणाले, मग तेच लिहा. तेव्हा फराळाच्या ताटाशी हे वाचून कुणाचं तोंड कडू झालं तर त्याचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडावं.

काम सांगायला सोपं आहे. छातीच्या उंचीवर फीत धरून खोडाचा घेर मोजायचा. कोयत्यानं वीतभर साल तासून तिथं तांबड्या रंगानं नंबर घालायचा. छापील तक्त्यात जात, घेर आणि अंदाजे उंची लिहायची. तक्त्यातला शेवटचा रकाना 'शेरा'. नवा होतो तेव्हा एका पिंपळासमोर मी शेऱ्यात लिहिलं, 'मुंजाचे झाड, लोक दिवा लावतात.' साहेबांनी त्यावर रेघ मारली. म्हणाले, "शेऱ्यात कीड, पोकळी, वीज पडलेली, एवढंच लिहायचं. देव लिहायचा नाही." पुन्हा कधी लिहिला नाही. पण मी फीत लावली की माणसं जवळ यायची, आणि सांगायची ते सगळं शेऱ्याचंच असायचं. या लिंबाचा पाला आमच्या गोवर आलेल्या पोरांच्या अंथरुणात घातलाय. या आपट्यावर आमच्या गल्लीचा दसरा होतो. या चिंचेखाली दुपारी निजायचं नाही, आमचा चुलता निजला तो पुन्हा धड बोलला नाही. मी मान डोलवायचो आणि घेर लिहायचो.

तोडणाऱ्या टोळीचा म्होरक्या दस्तगीर म्हणून होता, मलकापूरकडचा. अंगानं काटकुळा, पण झाड कुठल्या अंगाला पडणार ते हातानं दाखवायचा आणि झाड तिथंच पडायचं. साधं झाड असलं तर त्याची टोळी सरळ कामाला लागे. वड, पिंपळ, उंबर, बेल यातलं काही आलं की आदल्या संध्याकाळी तो बुंध्याशी मूठभर तांदूळ आणि नारळ ठेवायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "कोण असशील त्यो सकाळच्याला दुसरीकडं जा बाबा. आमी पोटासाठी करतोय."

मी एकदा विचारलं, "दस्तगीर, तुमच्यात हे चालतं?"

"आमच्यात न्हाय चालत," तो म्हणाला. "पर मी कुणातला ते झाडाला कुठं ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी राहायची, पण पहिला घाव घालायची नाहीत. तो घालायचा हुकूम आणणाऱ्यानं. म्हणजे मी. "हुकूम तुमचा, हात आमचा," दस्तगीर म्हणायचा. "काय लागायचं असंल ते तुमच्या कागदाला लागू दे." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी बाही सारून कुऱ्हाड घ्यायचो, एक घाव घालायचो, कुऱ्हाड परत द्यायचो आणि चहाला जायचो. कचेरीत माझी ही ख्याती झाली होती. कुठं काम अडलं की साहेब म्हणायचे, आपल्या मुकादमाला पाठवा, त्याला काही होत नाही. मला ते ऐकायला आवडायचं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. शाहूपुरीत एका व्यापाऱ्याच्या दुकानासमोर उंबर होता. उंबराची फळं पायरीवर पडायची, माशा यायच्या, आणि दुकानाची पाटी तर रस्त्यावरून दिसतच नव्हती. झाड जावं ही त्याची मनापासून इच्छा, पण दत्ताचं झाड, तोंडानं म्हणवत नव्हतं. त्यानं मला आत बोलावून थंड पाजलं आणि सांगितलं, "मुकादमसाहेब, तुमी मला नोटीस काढा. मी विरोध करतो. मग तुमी ऐकू नका." तसंच केलं. रस्त्याच्या कामात ते झाड नाही तरी जाणारच होतं. तोडायच्या दिवशी त्यानं उंबराची पूजा केली आणि रडला. ते रडणं खरं होतं, हे मी जवळून बघितलंय. तिसऱ्या प्रहरी गवंडी आला आणि त्या जागेवर नवी पायरी बांधायला सुरुवात झाली.

मलकापूरच्या रस्त्यावर एक वड होता, त्याची आठवण मात्र निराळी. गावातल्या बायका वटपौर्णिमेला त्याला सूत गुंडाळायच्या. वर्षानुवर्षांचं सूत. वरचं पांढरं, खालचं काळं पडलेलं, आणि त्याच्याही खालचं सालीनं गिळलेलं. मी पहिला घाव घातला तर कुऱ्हाड सुतात रुतली आणि निघेना. दस्तगीरनं ती सोडवली, मग कोयत्यानं सूत कापून काढलं आणि त्याचं भलंमोठं भेंडोळं बाजूला ठेवलं. टोळीतला कुणी तरी चहाच्या चुलीत घालू म्हणाला तर दस्तगीर त्याच्या अंगावर गेला. संध्याकाळी बायका येऊन ते घेऊन गेल्या. एक म्हातारी मागं राहिली. मला म्हणाली, "माझ्या सासूचं सूत हाय त्येच्यात. पार खाली असंल. घावलं का वं?" मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी तिकडून जाताना बघितलं, तर बायका बुंध्याच्या थोटकाला सूत गुंडाळत होत्या.

हे सगळं सांगतोय ते मुख्य गोष्ट लांबवण्यासाठी, हे मलाही कळतंय. आता ती सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला कागलकडं कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या आणि त्या भागातला एक रस्ता रुंद करायचं काम आमच्याकडं आलं. वाटेत एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथं अजून मला ओळखणारी माणसं आहेत. त्या गावाच्या शिवारात एका शेताच्या बांधावर, नेमका नव्या आखणीत, एक बेल उभा होता. अडीच फुटांचा घेर, निरोगी, डेरेदार. मी कोयता काढला तेवढ्यात मागून आवाज आला.

"पावणं, तिला रंग लावू नगासा."

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. त्यात मान असतो, आणि तू बाहेरचा आहेस हेही सांगितलेलं असतं. मी वळून बघितलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. तिचं नाव गंगव्वा. घर लिंगायतांचं, आपसात कानडी बोलणारं. तिनं 'तिला' कुणाला म्हटलं ते मला कळेना.

तिनं सांगितलं. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. तिची थोरली मुलगी निलू नऊ वर्षांची होऊन तापानं गेली. तिला याच बांधावर बसवलं आणि गंगव्वानं वर बेलाचं रोप लावलं. त्याला बावीस वर्षं झाली होती. दर सोमवारी ती इथं यायची आणि पूजेला या झाडाची पानं न्यायची, दुसऱ्या बेलाची नाही. तिच्याबरोबर तिचा मुलगा मल्लाप्पा होता, लग्न झालेला, मितभाषी गडी. तो एवढंच म्हणाला, "आमच्या घरात हिला निलूच म्हणत्यात."

मी म्हटलं, "अव्वा, रस्ता सरकारी आहे. मी काय करणार?"

"खाली मातीत काय ऱ्हायलं न्हाय आता," गंगव्वा म्हणाली. "होती तेवढी वर आलीया. माती घेऊन जावा. हिला न्हाय घ्यायची."

गाव आधीच जमिनी गेल्यानं धुमसत होतं, त्याला हे निमित्त मिळालं. बायका बेलाखाली येऊन बसल्या. चार दिवस टोळी बसून राहिली. साहेबांनी मला बोलावून तारीख दिली आणि म्हणाले, तुम्हाला काही होत नाही ना, मग हे निस्तरा. मी गंगव्वाकडं गेलो आणि म्हटलं, झाड तोडत नाही, मुळासकट उचलून तुमच्या घरामागं लावतो. ती एक दिवस विचार करते म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं एकच अट घातली.

"खाली मातीत काय खणायचं ते खणा. पर तिच्या अंगाला कुऱ्हाड लावायची न्हाय. एक डहाळी सुदीक तोडायची न्हाय."

"नाही लावणार," मी म्हटलं. "माझा शब्द."

आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मोठं झाड उचलताना त्याची निम्मी मुळं जमिनीत राहतात. उरलेली मुळं सगळ्या पाल्याला पाणी पुरवू शकत नाहीत. म्हणून उचलण्याआधी फांद्या उतरवाव्या लागतात, झाड जवळजवळ बोडकं करावं लागतं. बघायला वाईट दिसतं, पण झाड त्यानंच वाचतं. शिवाय चर एकदम खणायचा नसतो. आधी एका अंगानं, मग महिना-दीड महिन्यानं दुसऱ्या अंगानं, आणि उचलायचं ते पावसाच्या तोंडावर. हे मला माहीत होतं. दस्तगीरला माझ्याहून जास्त माहीत होतं.

"मुकादम," तो म्हणाला, "फांद्या न्हाय उतरल्या तर खाली पाणी न्हाय आन वर शंभर तोंडं. तहानंनं मरंल. त्या अव्वाला नीट सांगा की."

मी सांगितलं नाही. सांगायला अर्धा तास लागला असता. ती शहाणी बाई होती, मुलीचे केस ताप उतरायला कापतात तसं समजून तिनं ऐकलं असतं, असं मला आज वाटतं. पण तेव्हा वाटलं, मी अट मोडतोय म्हणून हिनं पुन्हा बायका बसवल्या तर तारीख जाईल. मी शब्द दिलाय तो पाळतो, असं मी दस्तगीरला ऐटीत सांगितलं.

माघ सरताना बेल उचलला. सगळ्या डहाळ्या जागच्या जागी. मुळांचा गड्डा पोत्यांत बांधला, ट्रॉलीवर चढवला, आणि गाव मागून चाललं. गंगव्वा ट्रॉलीच्या कडेनं एक फांदी हातात धरून चालत होती, घरापर्यंत तिनं ती सोडली नाही. घरामागं खड्डा तयार होता. झाड उभं राहिलं तेव्हा बायकांनी ओवाळलं. माझ्या नोकरीत देवाच्या झाडाला पहिला घाव न घालता मी काम उरकलं ते तेवढंच. साहेबांनी पाठ थोपटली. एका वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. ते कात्रण मी पाकिटात घालून हिंडत होतो.

पंधरा दिवसांत पानं गळाली. पण बेल उन्हाळ्याच्या तोंडाला झडतोच, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. मी दर रविवारी एसटीनं जायचो. झाड जिवंत आहे का बघायची आमची एक साधी रीत आहे. अंगठ्याच्या नखानं साल खरवडायची, आत हिरवं दिसलं तर जीव आहे. पहिल्या रविवारी शेंड्याला तपकिरी दिसलं, फांद्यांना हिरवं. पुढच्या रविवारी फांद्या गेल्या. मग मी खोडावर खरवडायला लागलो, दर खेपेला थोडं खाली. वैशाखात गावातल्या बाकीच्या बेलांना पोपटी पालवी आली. हा तसाच.

गंगव्वा रोज पाणी घालायची. मला धीर द्यायची. "दमलीया ती," म्हणायची. "गाव बदलल्यावर माणसाला सुदीक भूक लागत न्हाय." मी मान डोलवायचो, जशी आयुष्यभर डोलवली.

एका रविवारी मी वाकून अगदी बुंध्याशी खरवडलं. तिथंही तपकिरी. त्या दिवशी मी जेवलो नाही. गंगव्वा संकेश्वरकडं बहिणीच्या घरी लग्नाला गेली होती, वीस दिवस तिकडंच राहणार होती. मल्लाप्पा सकाळी उठून आळ्यात घागर ओतायचा आणि झाडाकडं न बघता शेताला जायचा. हे सगळं मला बरं पडलं, असं लिहिताना लाज वाटते, पण बरंच पडलं. मी एका रोपवाटिकेतून बेलाचं वीतभर रोप घेतलं. बुधवारी भर दुपारी गेलो. मल्लाप्पा शेतात, त्याची बायको धुणं घेऊन गेलेली. मेलेल्या खोडाला चिकटून, भिंतीच्या बाजूला, बोटांनी माती उकरून मी ते रोप लावलं. वर जुनी वाळकी पानं पसरली. रोपाची काळी पिशवी खिशात घातली आणि आलो.

गंगव्वा परत आली आणि आठवड्याच्या आत कचेरीत निरोप आला. गेलो तर मल्लाप्पा दारात उभा, हसत होता. त्याला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. गंगव्वानं मला हाताला धरून मागं नेलं आणि रोप दाखवलं. "बुडातनं फुटली," म्हणाली. "वरचं टाकलं आन बुडातनं फुटली. सांगितलं नव्हतं, दमलीया म्हणून?" तिनं रोपाला भस्म लावलं, मग तेच बोट माझ्या कपाळाला लावलं. "तम्मा," म्हणाली. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. "तू तुझा सबूद पाळलास. माझ्या पोरीला कुऱ्हाड लावली न्हाईस."

मल्लाप्पा म्हणाला, "मामा, आता जेवल्याबिगर जायचं न्हाय."

त्या दिवशी त्यांनी हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर केली होती. मी दोनदा मागून घेतली. मागितली नसती तर त्यांना काही तरी वाटलं असतं, असं तेव्हा वाटलं.

इथपर्यंत कदाचित कुणी मला माफही करेल. म्हातारीचं मन राखलं, एवढंच म्हणेल. म्हणून पुढचं सांगतो.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत पाऊस झाला. रस्त्याचा भराव बेलाच्या जुन्या जागेपर्यंत आला होता. खड्डा बुजवायला मुरमाचे ढीग पडले होते, सकाळी रोलर येणार होता. दस्तगीर बाजूची बाभळ काढत होता. त्यानं मला हाक मारली आणि बोटानं दाखवलं.

खड्ड्याच्या काठाला तीन फुटवे आले होते. बेलाचं हे असंच असतं. मूळ जमिनीत राहिलं आणि वर पाणी मिळालं की ते वर येतं. तांबूस पोपटी पानं, तीन-तीनची. मधला फुटवा हातभर उंच होता. आम्ही मुळं तोडून झाड नेलं होतं, आणि जी मुळं इथं राहिली ती जिवंत होती.

दस्तगीर म्हणाला, "मुकादम, पोरगी हितंच हाय."

मी मुरमाच्या ढिगाकडं वळलो. तो म्हणाला, "गड्डा धरून काढतो. कवळं हाय, शंभर टक्के जगंल. अव्वाला न्हेऊन द्या."

"तिकडं एक आहे की," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, पण झाडातल्या माणसाला मेलेलं झाड बुडातून कसं फुटलं हे कोडं पडलेलंच असणार. "मग दुसरीकडं लावूया," तो म्हणाला. "माझ्या दारात लावतो."

आज मला सुचतं की हो म्हणायचं होतं. त्याच्या दारात, माझ्या दारात, नदीकाठी, कुठंही. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की हे रोप कुठंही वाढलं तरी कधी तरी कुणी तरी विचारणार, हा बेल कुठला? आणि मग ते कपाळावरचं भस्म, ती हुग्गी, तो मामा, सगळं परत द्यावं लागणार. मी म्हटलं, "राहू दे. रोलर येणार आहे. साफ करून टाक."

दस्तगीरनं कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. "बेल हाय," म्हणाला. "पयला घाव तुमचा."

बोटभर जाडीचे फुटवे ते. त्यांना दोन घाव लागतच नाहीत. ज्या झाडाच्या अंगाला कुऱ्हाड लावणार नाही असा शब्द दिला होता, त्याला पहिला घाव मी घातला, आणि तोच शेवटचा. मुळं वर काढून मी ती मुरमाच्या ढिगापलीकडं फेकली. दस्तगीरनं तेवढ्यात वाकून त्या जागी चिमूटभर काही तरी टाकलं, बहुतेक डब्यातले भाताचे कण. पुढच्या कामाला तो आला नाही. भाचीचं लग्न आहे म्हणून निरोप आला. नंतरच्या कामालाही आला नाही. नव्या म्होरक्याला पहिल्या घावाचं काही नव्हतं, त्यांच्याकडं यंत्राची करवत होती.

घरामागचं रोप वाढलं. मेलेलं खोड दोन वर्षांनी आपसूक कललं, ते गंगव्वानं जाळू दिलं नाही, शेतात पुरायला लावलं. नवा बेल कौलांच्या वर गेला. दर दिवाळीला मला बोलावणं यायचं आणि मी जायचो. न जाण्याचं कारण काय सांगणार? ती मला ओवाळायची. एकदा पानं तोडता तोडता म्हणाली, "तम्मा, हिची पानं पयल्यासारखी न्हाईत. वास कमी हाय." मग तीच म्हणाली, "जागा बदलली की व्हतंय तसं."

मी निवृत्त व्हायच्या वर्षी ती गेली. दोन हजार सालानंतरची गोष्ट, तेव्हा मोबाईल आले होते, मल्लाप्पाचा फोन आला. मी पोहोचलो तर तिला बसवलेलं होतं, भस्म लावून, घरातल्यासारखी. शेतात खड्डा खणला होता. स्वामींनी त्यांचे विधी केले. मग बेलाची पानं घालायची वेळ आली. मल्लाप्पानं घरामागच्या झाडाची परडीभर पानं आणली होती. तो परडी घेऊन माझ्यासमोर आला.

"मामा, पयलं पान तुमी घाला. अव्वानं तसं सांगितलं हाय."

मी घातलं. सवयीचा हात होता.

त्यानंतर मी चार-पाच महिने तिकडं गेलो नाही. मग मल्लाप्पाचाच फोन आला, या म्हणून. गेलो. त्यानं मला घरामागं नेलं. तो आता चाळिशीकडं झुकलेला, आईसारखंच कपाळाला भस्म. झाडाच्या बुडाशी एक फुटवा आला होता, तो दाखवून म्हणाला, "मामा, तुमाला ह्यातलं कळतंय. ह्यो फुटवा नीट काढून द्या. अव्वाच्या उशाला लावायचाय. निलूला तिच्याजवळ न्यायची. मरताना तेवढंच म्हनत हुती."

मी खाली बसलो. उकरायला खुरपं त्यानं हातात दिलं होतं. ते खाली ठेवलं आणि त्याला सगळं सांगितलं. न उतरवलेल्या फांद्या, काळी पिशवी, रस्त्याकडेचे तीन फुटवे, कुऱ्हाड. काही गाळलं नाही. मला वाटलं होतं तो अंगावर येईल. तो आला असता तर बरं झालं असतं.

त्यानं खाली ठेवलेलं खुरपं उचललं. मग विचारलं, "मग अव्वाच्या अंगावर आमी कुणाची पानं घातली?"

रोपवाटिकेतल्या कुठल्या तरी बेलाची, असं तोंडात आलं होतं, ते मी गिळलं.

आत त्याच्या बायकोनं चहा ठेवला होता. तो म्हणाला, "चहा घ्या." मी घेतला. माझा चहा होईपर्यंत त्यानं आडावरून घागर आणली आणि रोजच्यासारखी बेलाच्या आळ्यात ओतली, सगळी, फुटव्याच्या बाजूलाही. "ह्येचा काय दोष न्हाय," एवढंच म्हणाला, माझ्याकडं न बघता. मी कपबशी कट्ट्यावर ठेवून उठलो. दारापर्यंत तो सोडायला आला, चपला घालेपर्यंत थांबला.

मग म्हणाला, "चला, पावणं. तुमची एसटी चुकंल."